मास्तरांचं नाक

"कामावर कुणाला सांगू नका, एवढंच म्हणाले होते मी. माझ्या भावालाही अंधारात ठेवा असं नव्हते म्हणाले."

"तोही कामावरचाच होता," मास्तर म्हणाले.

"शब्दात पकडू नका मला. आणि हळू बोला."

हळू तर दोघंही बोलत होते. शेगडीवर काही नसताना स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा घरघरत होता. गेले एकोणीस दिवस त्या घरातली नवराबायकोची सगळी भांडणं याच पंख्याखाली उरकली जात होती. भिंतीपलीकडच्या खोलीत तिचा भाऊ दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडलेला असे, आणि दिसेनासं झाल्यापासून त्याचे कान भलते तिखट झाले होते.

"तीन वर्षं मी तुमच्या हातातून नासलेलं दूध काढून घेतेय," ती म्हणाली. "तुमचे कपडे कुबट वास मारतात हे मी सांगायचं, गॅस नुसताच सुटलाय हे मी सांगायचं. आणि तिकडे कारखान्यात तुमचं नाक टेचात. साहेबलोक विचारणार, मास्तर, बॅच झाली का, आणि हे हुंगून सांगणार."

"पोरीची पदवी होईपर्यंत कसंतरी रेटा, कोण म्हणालं होतं?"

"मी म्हणाले होते. फोडा खापर माझ्या डोक्यावर. सोपं आहे ते, इथल्या इथे आहे."

ओट्यावर साखरेच्या डब्याखाली दाबून ठेवलेला कागद तिने ओढून काढला. कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याने धाडलेला निवेदनाचा कागद होता तो. वर खात्याचं नाव, तारीख, पाळी, सगळं छापलेलं, आणि खाली 'घटना कशी घडली' या ओळीपुढे अर्धं पान कोरं. आज संध्याकाळपर्यंत भरून द्यायचं होतं.

"काय लिहिणार आहात?"

"बघतो."

"बघायचं काय त्यात? झालं ते लिहायचं. माझं नाक गेलंय, मी बॅच संपली म्हणालो, ती संपली नव्हती. तीन ओळी. नाहीतर कंपनीवाले लिहून मोकळे होतील की त्याने गॉगल काढला, त्याची चूक. मग त्याच्या डोळ्यांचं कोण बघणार? तुम्ही?"

तिला दवाखान्यात पोचायला उशीर होत होता. तिथे ती रोग्यांचे कागद काढून द्यायचं काम करायची. तिने पर्स उचलली, पंखा बंद केला आणि एकदम घरच्या आवाजात म्हणाली, "दहाला पिवळं औषध, अकराला पांढरं. दूध तापवायचं राहिलंय. येते."

भांडण कितीही विकोपाला गेलं तरी तिच्या तोंडून 'जाते' कधी निघालं नव्हतं.

मास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हेत. बाविसाव्या वर्षी ते त्या कारखान्यात मदतनीस म्हणून लागले, आता त्रेपन्नावं चालू होतं, आणि मधली सगळी वर्षं एकाच खात्यात गेली होती. खात्याचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, पण सगळे त्याला बेंझिल खातं म्हणत. तीन मोठ्या पोलादी टाक्या, एकेक माणसाच्या दीडपट उंच, आत ढवळणी, वर झाकण, खाली नळ. बेंझिल क्लोराइड पिंपांतून यायचं. दिसायला पाण्यासारखं स्वच्छ. पण पिंपाचं बूच सैल झालं तरी दहा पावलांवरच्या माणसाच्या डोळ्यांतून धारा लागायच्या.

पहिल्या आठवड्यात त्यांना काम शिकवलं ते एका म्हाताऱ्या सुपरवायझरने. त्याने खडूने टाकीच्या अंगावरच लिहिलं, 'इलेक्ट्रोफाइल'. त्याखाली लिहिलं, 'इलेक्ट्रॉनस्नेही'. मग तळहाताने 'स्नेही' पुसून टाकलं.

"स्नेही कसला डोंबलाचा. भुकेला म्हणा," तो म्हणाला होता. "हे बघ. बेंझिलमध्ये एक कार्बन आहे. त्याच्या शेजारी क्लोरीन बसलाय. क्लोरीन आपमतलबी. दोघांच्या सामायिक ताटातलं तो आपल्याकडे ओढतो. मग हा कार्बन अर्धपोटी राहतो आणि ज्याच्याकडे इलेक्ट्रॉनची जोडी वापराविना पडलीय, त्याच्याकडे डोळे लावून बसतो. आपण त्याला टाकीत अमाइन देतो. अमाइनमधल्या नायट्रोजनकडे अशी एक जोडी असते. ती मिळाली की हा त्याला धरतो, क्लोरीनला सोडतो, आणि थंड होतो. झाली आपली बॅच."

"आणि अमाइन नाही मिळालं तर?"

"तर तू आहेस की. तुझा डोळा आहे, नाकातली कातडी आहे, छाती आहे. सगळीकडे जोड्याच जोड्या. त्याला काय, त्याला दोन इलेक्ट्रॉनशी मतलब. तू कुणाचा कोण, तो विचारत नाही."

एवढं रसायनशास्त्र मास्तरांना तीस वर्षं पुरलं. पुढे नव्या माणसांना तेच शिकवत म्हणून ते मास्तर झाले. म्हाताऱ्याने आणखीही एक गोष्ट शिकवली, ती कुठल्याच कागदावर नव्हती. कागदावर असं होतं की बॅच झाल्यासारखी वाटली की बाटलीत नमुना काढायचा, लॅबला पाठवायचा, आणि लॅबने 'बेंझिल उरलं नाही' असा आकडा दिला की मगच पुढच्या गाळणीवर घ्यायचं. लॅबला अडीच तास लागत. अडीच तास टाकी अडवून ठेवणं वरच्यांना परवडत नसे. म्हणून नमुन्याची बाटली उघडायची, तळहाताने वारा नाकाकडे घ्यायचा. डोळ्यांत चरचरलं, नाकात सुई टोचल्यासारखं झालं, तर भुकेला अजून आत आहे. काहीच झालं नाही, तर 'साफ'. मास्तर साफ म्हणाले की गाळणी उघडायची. लॅबचा आकडा मागाहून येई, तो पत्रकात आधीची वेळ टाकून भरायचा आणि सही करायची.

सगळे असंच करत. पण मास्तरांचं नाक काही औरच होतं. लॅबच्या यंत्राला जे शंभरात अर्धा भाग दिसे, ते मास्तरांना बाटली हातभर लांब असताना कळे. बाहेरचे पाहुणे आले की मॅनेजर त्यांना मास्तरांसमोर उभं करून म्हणे, "हे आमचं सगळ्यात स्वस्त यंत्र." मास्तर हसत. त्या हसण्यात लाजही होती आणि ऐटही. घरी बायको म्हणायची, "लग्नाआधी मला बघायला आलात तेव्हाही आधी हुंगलंत की काय?" तेव्हा ती हे गमतीने म्हणायची.

मग नाक जायला लागलं. एका दिवसात नाही. आधी साबणाचा वास गेला, ते त्यांना कळलंसुद्धा नाही, साबण बदलला असेल वाटलं. मग कांदा नुसताच कचकचीत लागायला लागला. पोरीने दाराशी मोगऱ्याची कुंडी आणून ठेवली, तिच्या फुलांना वासच नाही असं ते तीन दिवस सगळ्यांना सांगत होते. आणि एका सकाळी बाटली नाकाला लावली, साफ म्हणणार एवढ्यात शेजारी उभा असलेला फिटर खोकत बाहेर पळाला.

मास्तर बाटली हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. नाकाला काही झालं नव्हतं.

ओळखीच्या कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने नळी घालून पाहिलं आणि म्हणाला, वासाची मुळं जळलीत, डोळ्यांच्या नसाही बोथट झाल्यात, आता फुटायची नाहीत. बायकोला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ भांडी घासत राहिली. मग तिनेच ते वाक्य म्हटलं, कामावर कुणाला सांगू नका म्हणून. मुलगी तेव्हा बारावीला होती.

त्याच मुलीने नंतर एकदा, पदवीच्या पहिल्या वर्षाला असताना, वही पुढे करून विचारलं होतं, "बाबा, तुमच्या टाकीत होतं ते काढून दाखवा ना." मास्तरांनी मोठ्या हौसेने काढलं. एका बाजूला बेंझिल, एका बाजूला अमाइन, आणि बेंझिलकडून अमाइनकडे झेप घेणारा बाण.

"उलटा काढलात," ती म्हणाली.

"उलटा कसा? भुकेला कोण आहे?"

"भुकेला तोच. पण बाण इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवतो. ज्याच्याकडे आहेत त्याच्यापासून निघतो. हा नुसता उणा असतो. देणारा देतो."

"म्हणजे तो येऊन घेत नाही?"

"परीक्षेत तसं लिहिलं तर शून्य."

ती खोडरबराने बाण पुसून नवा काढत होती आणि मास्तर त्या पुसलेल्या जागेकडे बघत होते. तीस वर्षं त्यांनी लोकांना सांगितलं होतं की तो तुमच्यावर झडप घालतो. आणि इथे वहीत नाक आपण होऊन उठून त्याच्या हातात आपलं आहे नाही ते ठेवत होतं. त्यांना हे कुठेतरी फार लागलं. ते उठून गॅलरीत गेले आणि मोगऱ्याला पाणी घालत बसले. आधीच ओली होती कुंडी.

नाक गेलेल्या माणसाने तीन वर्षं नाकाची नोकरी कशी केली, हे बायकोने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला झोप लागली नसती, आणि तिला झोपेची फार गरज होती.

मास्तर लोकांचे डोळे बघायला शिकले होते. बाटली उघडायची आणि शेजारच्याला म्हणायचं, "तूही बघ, शिकून घे." त्याच्या पापण्या फडफडल्या, कडांना लाली आली, तर अजून आहे. नाही, तर साफ. कुणाला संशय आला नाही, शिकवायची त्यांना खोडच होती. अडचण एवढीच की जुन्या लोकांचे डोळेही थोडेफार त्यांच्यासारखेच राठ झालेले. नवे, ताजे डोळे हवे होते.

आणि दोन वर्षांपूर्वी मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, चौतिशीचा, पूर्वी कुठेतरी गाडी चालवायचा, ती मालकाने विकून टाकली. मास्तरांनीच शब्द टाकून त्याला लावलं, आणि आपल्याच पाळीत मागून घेतलं. बायको त्या दिवशी किती हरखली होती. "भावाला पंखाखाली घेतलं यांनी," असं तिने शेजारणीला दोनदा सांगितलं. मेव्हण्याचे डोळे होतेही तसेच, कांदा दुसऱ्याने चिरला तरी याच्या डोळ्यांत पाणी. खात्यात त्याला 'नवरी' म्हणत, सतत डोळे पुसायचा म्हणून.

त्या दिवशी त्याला सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, आवाज बसलेला. आणि मास्तरांनीच महिनाभर ओरडून ओरडून सवय लावली होती म्हणून डोळ्यांवर गॉगल घट्ट बसवलेला. मास्क हनुवटीखाली ओढून त्याने बाटली हुंगली.

"काही येतंय?"

"काही नाही, दाजी."

गॉगलमागचे डोळे कोरडे होते. मास्तरांनी बघितलं, नीट बघितलं. ढवळणीचा पट्टा रात्रपाळीतच घसरला होता, टाकीच्या तळाला सगळं बेंझिल जसंच्या तसं बसलं होतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

"साफ," मास्तर म्हणाले.

साफ म्हटल्यावर गॉगल काढायला सगळ्यांनाच मुभा असे, वाफेने काच धुरकटते आणि बोल्ट दिसत नाहीत म्हणून. मेव्हण्याने तो काढून डोक्यावर सरकवला. गाळणीचं झाकण अर्धं उचललं आणि आतल्या दाबाने एक फवारा सरळ तोंडावर आला.

दहा वाजता मास्तरांनी पिवळं औषध घातलं. पट्टी सोडायची, पापणी दोन बोटांनी उघडायची, दोन थेंब. उजवा डोळा उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा झाला होता, त्याचं काही होणार नव्हतं. डाव्याला उजेड आणि अंधार यांतला फरक कळत होता. दोन ऑपरेशनं झाली तर कदाचित माणसाचा आकार कळेल, असं डॉक्टर म्हणाला होता.

"दाजी, तुमचा हात लागला की कळतं," मेव्हणा म्हणाला. "ताई घालते तेव्हा अर्धं कानात जातं."

"पडून राहा."

"पडूनच आहे. माझा आता तोच हुद्दा. तुमची पोरगी काल विचारत होती, मामा, कंटाळा येत नाही का. म्हटलं, छे गं, सगळा दिवस सिनेमा चालू असतो, फक्त पडदा लावायचा राहिलाय."

मास्तर स्वयंपाकघरात गेले. दूध शेगडीवर ठेवलं आणि ओट्याशी उभं राहून तो कागद वाचायला लागले. घटना कशी घडली. पेन घेतलं. 'मी,' असं लिहिलं आणि थांबले. मीच्या पुढे काय लिहायचं ते ठरत नव्हतं. किती वेळ गेला कळलं नाही.

"दाजी," आतून आवाज आला. "दूध करपतंय."

मास्तरांनी पाहिलं. दूध कधीच उतू जाऊन आटलं होतं, पातेल्याच्या कडा काळ्या झाल्या होत्या. त्यांनी गॅस बंद केला.

"हो. लक्ष नव्हतं माझं."

"तुम्ही कुठे होतात?"

"इथेच."

"ओट्याशी?"

मास्तरांनी फडक्याने पातेलं उचललं.

"मला इथे, दार लोटलेलं असताना घशाशी येतंय," मेव्हणा म्हणाला. "पाच मिनिटं झाली असतील. मला वाटलं तुम्ही खाली गेलात."

मास्तर पातेलं मोरीत ठेवून आले आणि खोलीच्या दारात उभे राहिले. मेव्हणा उठून बसला होता. पट्ट्या बांधलेलं तोंड त्याने बरोब्बर दाराकडे वळवलं होतं.

"केव्हापासून?"

"तीन वर्षं."

"म्हणजे मी लागलो त्याच्या आधीपासून."

"हो."

चादरीचा एक दोरा मेव्हण्याच्या बोटांना सापडला होता, तो तो ओढत राहिला. दोरा लांबत गेला.

"तूही बघ, शिकून घे," तो म्हणाला. मास्तरांच्या आवाजाची नक्कल त्याला चांगली जमायची. पूर्वी तो घरी करून सगळ्यांना हसवायचा. "दोन वर्षं मी म्हणत होतो, दाजी किती आपुलकीने शिकवतात. माझी सर्दी निघाली म्हणून मी एकोणीस दिवस स्वतःला शिव्या देतोय, की गाढवा, नाक चोंदलंय हे आधी बोलायला काय झालं होतं. मला वाटलं तुम्हाला येतोच आहे वास, मला नुसतं विचारताय."

"चूक तुझी नव्हती."

"ते कळलं आता."

खालच्या मजल्यावर कुणीतरी गादी झोडपत होतं. एकेक धपाटा वर ऐकू येत होता.

"ताईला हे माहीत आहे? माझ्या डोळ्यांवरून ओळखायचात ते?"

"नाक गेल्याचं माहीत आहे. ते नाही माहीत."

"मग सांगू नका. तिला दुसरा भाऊ नाही आणि दुसरा नवराही नाही." मग अगदी कामाचं बोलावं तसं तो म्हणाला, "कागदावर लिहा, गॉगल मी माझ्या मनाने काढला. पंख्याखाली काय बोलता त्यातलं कागद, गॉगल, नोकरी एवढं मला ऐकू येतं, दाजी, तो पंखा काही सगळंच झाकत नाही. तुमची नोकरी गेली तर हे कंपनीचं घर जाईल. मग मी कुठे पडू? निदान भिंत कुठे, दार कुठे, एवढं इथलं पाठ झालंय."

मास्तरांना काहीतरी बोलायचं होतं. पण अकरा वाजले होते. त्यांनी पांढरं औषध घातलं.

दुपारी तीनला ते कारखान्यात गेले. सुरक्षा अधिकारी तरुण होता, कामात चोख, वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं. मास्तरांनी न थांबता सगळं सांगून टाकलं. नाक, तीन वर्षं, सर्दी, गॉगलमागचे कोरडे डोळे. अधिकाऱ्याने मधे एकदाही तोडलं नाही. मग कपाटातून त्या दिवसाचं बॅचपत्रक काढून पुढे ठेवलं.

"हे तुमचं अक्षर?"

'नमुना लॅबमध्ये तपासला. उर्वरित बेंझिल: नाही.' वेळ. सही. अपघातानंतरच्या धावपळीत, बाहेर मेव्हण्याचे डोळे धुणं चालू असताना, कुणीतरी पत्रक समोर धरलं होतं आणि मास्तरांच्या हाताने सवयीने तेवढं भरून सही केली होती.

"मास्तर, आमच्या कार्यपद्धतीत वास हा शब्द कुठेही नाही. तीस वर्षांत कधी नव्हता. तुम्ही म्हणता तसं लिहिलंत तर त्याचा अर्थ होतो की तुम्ही खोटी नोंद केली आणि त्याने गॉगल काढला. दोघंही दोषी. मग प्रकरण विम्याकडे जातं, तिथून कोर्टात. चार वर्षं, पाच वर्षं. तोवर त्याचं ऑपरेशन कुणी करायचं? आणि त्याने स्वतःहून काढला असं लिहिलंत, तर प्रकरण इथेच मिटतं. वरच्यांशी बोललोय मी. माणुसकी म्हणून दोन्ही ऑपरेशनं कंपनी करेल. तसं लेखी देतो, आत्ता." त्याने बॅचपत्रक मिटून बाजूला ठेवलं. "नाकाचं मी ऐकलं नाही."

"सगळ्यांना माहीत होतं, साहेब. पाहुण्यांना दाखवायचे मला."

"पाहुण्यांना आम्ही बागही दाखवतो," अधिकारी म्हणाला. त्यात कुचेष्टा नव्हती, तो दमलेला होता. "सोमवारपासून पहिल्या पाळीला या. त्याच्या जागी माणूस घेतलाय. बाहेर बसलाय, जाताना भेटून घ्या, तुमच्याच हाताखाली राहील."

काचेच्या दारापलीकडे बाकावर एक माणूस बसला होता. पन्नाशीला टेकलेला, बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यातून सुटलेला, मांडीवर प्रमाणपत्रांची पिशवी. झाडूवाला नुकताच फिनेलने फरशी पुसून गेला होता, बादली अजून तिथेच होती. मास्तरांना अर्थातच काही जाणवलं नाही. पण त्या माणसाने मान फिरवली, खिशातून रुमाल काढला आणि डोळे टिपले. एकदा टिपले, परत टिपले.

चांगले आहेत, मास्तरांच्या मनात आलं. फिनेललासुद्धा पाणी येतंय. लांबून दिसेल.

हे इतक्या सहज मनात आलं की त्यांना स्वतःला ते अर्ध्या मिनिटाने कळलं. त्यांनी खुर्चीचा हात धरला. एवढंच कळलं की सोमवारी ते याला बाटली देतील आणि म्हणतील, तूही बघ. मंगळवारीही म्हणतील. नाही म्हणायचं असं कितीही ठरवलं तरी, टाकी भरलेली असताना, वरून दोनदा फोन आलेला असताना, बघण्यासारखं दुसरं काहीच त्यांच्याजवळ नव्हतं.

"पेन आहे?" अधिकाऱ्याने विचारलं.

मास्तरांनी स्वतःचं पेन काढलं. सकाळी लिहिलेल्या 'मी'वर काट मारली आणि खाली पाच ओळी लिहिल्या. सही केली. ऑपरेशनांचं पत्र टाइप होऊन येईपर्यंत ते बसून राहिले, आलं ते दोनदा वाचलं, घडी घालून आतल्या खिशात ठेवलं.

"आणखी एक कोरा कागद द्या," ते म्हणाले.

घरी पोचले तेव्हा सगळे स्वयंपाकघरातच होते. बायको दवाखान्यातून येऊन करपलेलं पातेलं घासत होती. मुलगी टेबलाशी वही उघडून बसली होती. मेव्हण्याला तिने भिंत धरवत धरवत तिथवर आणून खुर्चीत बसवलं होतं, आणि तो पुढ्यातल्या ताटाची कड बोटांनी चाचपत होता.

"आलात? दुधाची वाट लावलीत ना," बायको म्हणाली. मग हातातली घासणी ठेवून वळली. "काय लिहिलंत?"

पंखा बंद होता. तिने तो लावण्यासाठी हात वर केला, आणि मास्तर म्हणाले, "राहू दे." मेव्हण्याने मान वर केली.

मास्तरांनी चपला काढून कोपऱ्यात नीट लावल्या. खिशातलं पत्र काढून टेबलावर, मुलीच्या वहीशेजारी ठेवलं.

"ह्याने गॉगल स्वतःहून काढला असं लिहून दिलंय," ते म्हणाले. "दोन्ही ऑपरेशनं कंपनी करेल, ते हे पत्र. आणि मी नोकरी सोडली. महिनाअखेर ही जागा रिकामी करून द्यायची आहे. कपाट जिन्यातून उभं उतरणार नाही, आडवं न्यावं लागेल. उद्यापासून सामान बांधायला घ्या."